माफी कसली मागायची?

दिवाळीच्या अंकात फीमाफीची गोष्ट! वाचक म्हणतील, फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्याची बुद्धी या म्हाताऱ्याला कशी झाली? पण काय करणार? आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी आणि फीची तारीख या दोन्ही पाहुण्या एकाच पंधरवड्यात दारी येतात. हलके धान कापणीला आलेले असते, भारी धान अजून बांधीत उभे असते, गावोगावी मंडईची तयारी चाललेली असते आणि नेमकी त्याच वेळी वकिलीच्या प्रवेश-परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत येते. यंदा, म्हणजे २०२५ साली, ही मुदत ३१ ऑक्टोबरची जाहीर झाली. धान विकून पैसा हाती पडायला मात्र डिसेंबर-जानेवारी उजाडतो. वर्षाचा सगळा पैसा असा शेतात उभा असताना घरातल्या पोरीची फी कोठून भरायची, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित पडणार नाही. आम्हाला पडतो.

मी कोर्टाच्या कचेरीतला निवृत्त शिरस्तेदार. उभा जन्म वकिलांचे कागद तपासण्यात गेला. कोर्ट-फीचा स्टँप कमी पडला की कागद परत करायचा, हे माझे काम. हजारो कागद मी असे परत केले असतील. पण फीच्या पायी परत आलेला एक कागद माझ्याच घरातला निघाला, तेव्हा कोठे या विषयाकडे मी डोळे उघडून पाहिले.

धान विकले, पण पैसा आला नाही

माझी धाकटी बहीण लाखनी तालुक्यात दिली आहे. मेव्हण्यांची थोडीशी धानाची शेती. त्यांची मुलगी हुशार. बारावीत असतानाच तिने ठरवले की, पाच वर्षांचा वकिलीचा अभ्यासक्रम करायचा, आणि तोही राष्ट्रीय विधी विद्यापीठात. नागपूरला असे विद्यापीठ २०१६ पासून सुरू आहे. भंडाऱ्याहून नागपूर म्हणजे साठ-बासष्ट किलोमीटर. घरच्यासारखेच!

या विद्यापीठांची एक सामाईक परीक्षा असते. तिला 'क्लॅट' म्हणतात. २००८ पासून ही परीक्षा होते. अर्जाची फी ४,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या उमेदवारांना ३,५०० रुपये. भाचीने गेल्या वर्षी ४,००० भरले. बहिणीने भिशीचे पैसे उचलून दिले, असे मला मागाहून कळले. १ डिसेंबर २०२४ ला परीक्षा झाली, आठवड्याभरात निकाल लागला आणि पोरीला बऱ्यापैकी क्रमांक मिळाला. घरात पेढे वाटले गेले.

आणि मग खरी गंमत सुरू झाली. क्रमांक मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला, असे नाही. जागावाटपासाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची फी होती खुल्या गटाला ३०,००० व राखीव गटाला २०,००० रुपये. मुदत जेमतेम दहा-बारा दिवसांची. मेव्हण्यांनी धान केंद्रावर नेऊन घातले होते, काट्याची पावतीही खिशात होती. पण पैसे खात्यात जमा झाले नव्हते. ते रोज बँकेत जात आणि रिकाम्या हाताने परत येत. मुदत टळली. पैसे पुढे यथावकाश आलेही. पण तोवर पोरीची जागा गेली होती.

हे मला केव्हा कळले? संक्रांतीला! तिळगूळ घ्यायला आलेल्या बहिणीच्या तोंडून. मी चकितच झालो. त्या वेळी माझ्या बँकेतल्या ठेवीवर वीस हजारांच्या कितीतरी पट रक्कम पडून होती. एक फोन केला असता तर काम झाले असते. मी मेव्हण्यांना जरा रागानेच विचारले. ते मान खाली घालून म्हणाले, "लाज वाटली जी भाऊ. पोरीच्या फीसाठी कोनापाशी हात पसरायचा?"

त्या उत्तरावर मला बोलता येईना. कारण ते उत्तर माझेच होते. फक्त पन्नास वर्षांपूर्वीचे.

माझा स्वतःचा अर्ज

१९७६ साली मी बी. ए. झालो. वडील भंडाऱ्यात पितळेची भांडी ठोकणाऱ्या कारखान्यात कामाला. भंडारा तेव्हा पितळेसाठी नावाजलेले. पण घरोघर स्टेनलेस स्टील शिरू लागले होते आणि वडिलांच्या हातोड्याला काम कमी होत चालले होते. मला वकील व्हायचे होते. नागपूरच्या एका कॉलेजात फी-सवलतीचा फॉर्म मिळाला. त्याला उत्पन्नाचा दाखला जोडायचा होता.

दाखल्यासाठी मी तहसील कचेरीत रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला आणि पाहतो तो टेबलामागे माझ्या वर्गमित्राचे वडील! त्यांनी काही वाईट शब्द काढला नाही. चष्म्यावरून पाहून, "काय रे, कसला दाखला पाहिजे?" एवढेच विचारले. आणि मला सांगता येईना, की आम्ही गरीब आहोत असा दाखला पाहिजे. "काही नाही, सहज आलो होतो," असे सांगून मी घरी परतलो. वडिलांना सांगितले, मुदत संपली.

पुढच्या वर्षी मित्र म्हणाले, पुन्हा अर्ज कर. मी केला नाही. एकदा हुकलेल्या दारापाशी दुसऱ्यांदा उभे राहायचे म्हणजे मान खाली घालणे, असे तेव्हा वाटे. त्याच साली कोर्टात कारकुनाची जागा निघाली आणि मी चिकटलो. नोकरीने मला अन्न दिले, घर दिले, तक्रार नाही. पण काळा कोट घालून कोणी तरुण वकील पहिल्यांदा उभा राहिला की, टेबलाखाली माझा पाय अजून हलतो.

मला वाटते, सगळा घोटाळा त्या 'माफी' शब्दात आहे. आपल्या भाषेत माफी गुन्ह्याची असते. चूक केली, माफ करा. अपराध झाला, माफी असावी. तोच शब्द आपण फीला जोडला आणि फीमाफीचा अर्ज लिहिणाऱ्या पोराला नकळत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. पोराने गुन्हा कोणता केला? धान उशिरा विकले गेले, हा?

कायद्याला लाज वाटत नाही

आणि गंमत अशी की, ज्या कायद्याचे शिक्षण घ्यायला ही मुले निघाली आहेत, त्या कायद्याला स्वतःला फी सोडताना काही लाज वाटत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तेहेतिसावा आदेश आहे. कोर्ट-फी भरण्याची ऐपत नसलेल्या माणसाला फी न भरता दावा लावता यावा, यासाठी तो केलेला आहे. पूर्वी त्यात अशा माणसाला 'पॉपर', म्हणजे सरळसरळ कंगाल म्हणत. १९७६ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून 'निर्धन व्यक्ती' असा सभ्य शब्द घातला. कायद्यालाही शब्दाचा सल कळला, म्हणायचा! दावा जिंकला तर फी त्यातून वसूल होते; म्हणजे ही भीक नव्हे, नुसती थांबण्याची तयारी आहे. त्याच १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम येऊन मोफत कायदेविषयक मदतीचे तत्त्व मान्य झाले आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळण्याची सोय केली.

असे किती अर्ज माझ्या टेबलावरून गेले! विधवा आल्या, मजूर आले, भावांनी घराबाहेर काढलेल्या बहिणी आल्या. त्यांच्या अर्जात मला कधी लाचारी दिसली नाही. तो त्यांचा हक्क, असे समजून मी शिक्का मारला. मग स्वतःच्या दाखल्याच्या वेळी माझी जीभ का अडखळली?

शिक्षणातही सवलती आहेत. मी आता त्यांची बाडे वाचली आहेत. महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास शिक्षण-शुल्क व परीक्षा-शुल्क पूर्ण माफ केले. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी. तेथे अनुसूचित जाती-जमातींतल्या दारिद्र्यरेषेखालच्या उमेदवारांना अर्जाचीही फी पडत नाही. पण बहुतेक सवलती दाराच्या आतल्या आहेत. आत गेलात की पंगत आहे. उंबरठा ओलांडायचे पैसे तेवढे तुमचे तुम्ही आणा! आणि जो दुसऱ्यांदा येतो, त्याने तेच पैसे दुसऱ्यांदा आणावेत.

उंबरठ्यावर काय होऊ शकते, ते २०२४ सालीच साऱ्या देशाने पाहिले. उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आय. आय. टी.त जागा मिळाली. १७,५०० रुपये भरायचे होते. गावकऱ्यांकडून पैसे गोळा होईपर्यंत मुदत टळली आणि जागा गेली. तो पोरगा शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ ला १४२ व्या कलमाखालचे आपले खास अधिकार वापरून त्याला जागा परत देवविली. निकाल वाचून मला आनंद झाला आणि वाईटही वाटले. साडेसतरा हजारांसाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी किती मुले चढणार?

परत आलेला विद्यार्थी

भाचीला मी हे सारे सांगितले, पण ती गप्पच. शेवटी म्हणाली, "मामाजी, दुसऱ्यांदा बसणाऱ्याला सारे नापासच समजतात."

तेव्हा मी तिला एका विद्यार्थ्याची हकिकत सांगितली. तो १९१६ साली लंडनला गेला. तेथे अर्थशास्त्राच्या संस्थेत नाव घातले आणि बॅरिस्टर होण्यासाठी 'ग्रेज इन'मध्येही. वर्ष पुरते झाले नाही तोच बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली त्याला अर्धे शिक्षण टाकून परतावे लागले. पण येण्यापूर्वी त्याने एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली तो पुन्हा त्याच दारात जाऊन उभा राहिला. १९२२ साली बॅरिस्टर झाला. १९२३ मध्ये मुंबईला वकिलीची सनद घ्यायची, तर त्या फीलाही पैसे नव्हते! तेव्हाही भथेनाच धावून आले.

तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे भाचीने केव्हाच ओळखले होते. आमच्या भंडाऱ्याशी त्यांचा एक धागा आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत ते भंडाऱ्यातून लोकसभेला उभे होते आणि पराभूत झाले. मी तिला म्हटले, "ज्यांनी देशाची घटना लिहिली, त्यांनी शिक्षण पुरे करायला मुभा मागितली, मदत घेतली, कर्ज काढले आणि दुसऱ्यांदा दार ठोठावले. तू कोण लागून गेलीस?"

पोरगी हसली. सनदेच्या त्या फीचा निकालही पुढे लागला, पण एकशे एक वर्षांनी. अनेक राज्यांच्या बार कौन्सिलांनी नव्या वकिलाची नोंदणी-फी पंधरा हजारांपासून चाळीस हजारांच्या वर नेऊन ठेवली होती. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १९६१ च्या वकील कायद्यात लिहिली आहे तेवढीच फी घ्या: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये.

अर्ज कसा लिहावा

यंदा आम्ही जूनपासूनच कंबर कसली. पहिला धडा असा मिळाला की, दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याचे गेल्या वर्षीचे कागद शिळे झालेले असतात. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचेही तसेच. नॉन-क्रीमी लेयरचा दाखला तीन वर्षांच्या उत्पन्नावर काढला तर अधिक टिकतो. तो आम्ही तसा काढला. दारिद्र्यरेषेची यादी २००२ च्या पाहणीची. त्यात भाचीच्या आजोबांचे नाव निघाले. त्या दाखल्यावर क्लॅटच्या फीत ५०० रुपयांची सूट मिळते. गेल्या वर्षी हीच सूट माहितीपत्रकात छापलेली होती. पण तेथवर वाचणार कोण? पाचशे रुपये म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. लाखनीत पाचशे रुपयांत पोरीच्या नागपूरच्या जाण्या-येण्याच्या कितीतरी खेपा होतात.

तहसीलच्या रांगेत यंदा मी भाचीबरोबर मुद्दाम उभा राहिलो. खिडकीतल्या पोराने विचारले, "कशासाठी पाहिजे?" भाचीने खणखणीत आवाजात सांगितले, "वकिलीच्या प्रवेशासाठी." माझा पन्नास वर्षांचा काटा तेथे निघाला.

दुसरा धडा पत्राचा. एका सामाईक परीक्षेवरच भिस्त नको, म्हणून तिने तीन खासगी संस्थांकडेही अर्ज करायचे ठरविले. प्रत्येकाची फी वेगळी. मी म्हटले, फी भरण्यापूर्वी पत्र लिहून विचार. तिचा पहिला मसुदा वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि म्हणूनच मी तो बाजूला ठेवला. "पोरी, अर्जात रडू नये. तारीख लिही, रक्कम लिही, कारण लिही, पुरावा जोड. बाकी सगळे वाचणाऱ्यावर सोड."

ती तरी वकील व्हायला निघालेली! म्हणाली, "मामाजी, मग यात मी कोठे आहे? हा तर नुसता पंचनामा झाला."

खरे होते. मग आम्ही समेट केला. गेल्या वर्षीचा क्रमांक, नोंदणीची मुदत, धान घातल्याची पावती आणि पैसे जमा झाल्याची तारीख, एवढे माझे. या वर्षभरात तिने काय केले, ते तिचे: गावातल्या बायकांना योजनांचे फॉर्म भरून दिले, सकाळी अभ्यास केला, दुपारी रोवणीला गेली. आणि शेवटी एकच वाक्य: अर्जाची फी सोडता येत असेल तर सोडावी, आणि येत नसेल तर मुदतीपूर्वी तसे कळवावे. विनवणीचा शब्दही नाही.

तिघांपैकी एका संस्थेचे उत्तर पाचव्या दिवशी आले: फी सोडली आहे, अर्ज भरावा. दुसरीने नियमात बसत नाही म्हणून कळविले. तिसरीने उत्तरच दिले नाही. तीन कागदांत एक पावला, हे प्रमाण मला कोर्टाच्या अनुभवाने वाईट वाटले नाही. आणि 'नाही' म्हणणाऱ्यांनी आमचे काय नेले? एक पत्र.

माझ्या एका मित्राची नात अमेरिकेत वकिलीच्या प्रवेशासाठी खटपट करते आहे. तिच्याकडून कळले की, तेथे परीक्षा घेणाऱ्या मंडळाचीच फीमाफीची योजना आहे आणि एकदा मिळालेली माफी दोन वर्षे चालते. म्हणजे पहिल्यांदा यश न आलेल्याला दुसऱ्या वर्षीही तिचा उपयोग होतो. अनेक कॉलेजे ती माफी पाहून आपलीही अर्ज-फी सोडतात, आणि नुसते पत्र लिहून विचारणाऱ्यालाही कधी कधी मिळते. श्रीमंत देशातली पोरे बिनदिक्कत विचारतात आणि आपली लाजतात! आपल्याकडेही शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकांनी २०१० साली 'आयडिया' नावाची चळवळ काढली. गरीब घरांतली मुले शोधायची, त्यांना या परीक्षेसाठी तयार करायचे आणि पुढेही पाठीशी उभे राहायचे, असे तिचे काम. बशीर २०१९ मध्ये वारले. काम चालू आहे. दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना दोन वर्षांत एकदाच फी पडावी, एवढा नियम आपल्याकडेही झाला, तर कोणाची तिजोरी रिकामी होणार नाही.

राहिले ते जागावाटपाचे पैसे. ती रक्कम मी ठेवीतून काढून वेगळी ठेवली आहे. मेव्हणे आधी तयार होईनात. मग म्हणाले, "उसने देत असाल तर घेतो; पण चिठ्ठी लिहून घ्या." मी चिठ्ठी लिहून घेतली. धान विकल्यावर परत, असे त्यात आहे. शिरस्तेदाराला कागद पुरा लागतो आणि शेतकऱ्याला मान पुरा लागतो. दोघांचेही समाधान झाले.

परीक्षा ७ डिसेंबरला आहे. निकाल काय लागेल, ते मी सांगू शकत नाही. कदाचित पोरगी नागपूरला जाईल, कदाचित दुसरीकडे. कदाचित तिसऱ्यांदा अर्ज लिहावा लागेल. लिहू.

वाचकहो, तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी, सोसायटीच्या रखवालदाराचा मुलगा, गावाकडचा एखादा पुतण्या यंदा कोठेतरी अर्ज करीत असेल. दिवाळीला तो पाया पडायला येईल. तुम्ही त्याच्या हातावर लाडू ठेवाल आणि सवयीने विचाराल, "काय रे, किती मार्क पडले?" यंदा तो प्रश्न राहू द्या. त्याऐवजी विचारा, "फीची तारीख कधी आहे?" आणि उत्तर ऐकायला जरा थांबा. लाजणारा माणूस पहिल्या प्रश्नाला खरे सांगत नाही.